चावऱ्या शिंगरांचे मास्तर

मास्तर घोड्याला 'अहो' म्हनायचे आन् मानसाला 'अरे'. ह्यात त्यांची कधी चूक झाली नाय.

माझा लेक कंपनीत सुपरवायझर हाय, त्याच्या हाताखाली पंचवीस मानसं. त्याला मास्तर पयल्याच दिवशी म्हनले, "ए, सरक रे बाजूला, त्यांना दिसत नाय." त्यांना म्हंजे आमच्या शिंगराला. मंग शिंगरापुढं हात जोडले आन् इचारलं, "काय जावईबापू, प्रवास कसा झाला?"

आता शिंगरू कुठं गेलं व्हतं प्रवासाला? ते आमच्याच गोठ्यात जलमलं. सुटून लांब गेलं तर शेजारनीच्या ओट्यापरेंत. प्रवास केला व्हता मास्तरांनी, देवळाली कॅम्पच्या बाजारापासनं आमच्या मळ्यापरेंत, उन्हाचा, पायी. पन इचारायचं त्याला. शिंगरानं मान लांब केली, मास्तरांचा खांदा तोंडात धरला आन् आसा दाबला का माझ्याच तोंडातनं "आई गं" निघालं. मास्तर हलले नाय. डोळे मिटून उभे, जसं कोनी भजन ऐकतंय. सुटल्यावर खांदा झटकला आन् म्हनले, "दात उत्तम. आईवर गेलेले दिसत्यात."

"त्याला आई नाय," मी म्हनलं.

"मंग बरोबर," मास्तर म्हनले. "मंग सगळं बरोबर हाय."

चावऱ्या, लाथाळ शिंगरांना ते सगळ्यांनाच जावईबापू म्हनायचे. मी एकदा इचारलं, आसं का? तर म्हनले, "घरात येतो, मान मागतो, बसून खातो, रुसतो, लाथा झाडतो, आन् कोनाला बोलायची सोय नाय. दुसरं काय म्हनू, बाई? मला खरे चार हायेत. हे त्यांच्यापेक्षा बरे. हे सुधरत्यात."

मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. तरुनपनी फौजेच्या तबेल्यात घोड्यांचं करायचे, मंग टांगेवाल्यांची, वरातीत घोडी नाचवनाऱ्यांची शिंगरं सरळ करत गावोगाव फिरले. नाव त्यांनी सांगितलं नाय, मी इचारलं नाय. अंगानं काडी, मिशी मातूर दोघांना पुरल एवढी. खिशात गुळाचा खडा कायम. मला वाटायचं घोड्यासाठी हाय. घोड्याला कधी दिला नाय. शिंगरू आड झालं का सोता खायचे.

संध्याकाळी हौदावर आंघोळीला बसले का पाठीवर, दंडावर, पोटरीवर चावल्याच्या खुनाच खुना. सुनेनं पयल्यांदा बघितलं तर बादली तिथंच सोडली. मास्तर म्हनले, "भिऊ नको गं पोरी, हे सगळे पाव्हने हायेत." आन् वळखी करून द्यायला लागले. "ही चांदनी, येवल्याकडची, लय रुसकी. हा बादल, पुढं लय गुनी निघाला, नवरदेव झोपला तरी पडू द्यायचा नाय. हे दोन दात एकाच दिवशीचे, सकाळ-संध्याकाळ. आन् एक राजा म्हनून व्हता, त्यांची खून बसायच्या जागी हाय, ती काय मी दाखवत नाय." सून तोंडाला पदर लावून घरात पळाली. आतून तिचं हसनं किती येळ थांबंना.

आता शिंगरू आसं का झालं ते सांगते. तो गुन्हा माझा.

आमच्या मालकांची वरातीची घोडी व्हती, रानी. सगळं नाशिक तिच्यावर बसून बोहल्यावर चढलंय म्हना. मालक वैशाखात गेले. छातीचं दुखनं व्हतं, दोन वर्स पुरलं. रानी तव्हा गाभन. आषाढात ती याली आन् चौथ्या दिवशी पोटात कळ येऊन तीबी गेली. बाया बसायला आल्या, म्हनल्या, रडून घे बाई, मोकळी हो. मी म्हनलं, थांबा, शिंगराची बाटलीची येळ झाली.

शेळीचं दूध, तीन-तीन तासांनी. रडायला येळ नव्हता, खरंच नव्हता. ते उठून उभं राह्यलं तसं माझ्याच मागं फिरायला लागलं. मी विहिरीवर तर ते विहिरीवर, मी चुलीम्होरं तर ते दारात. मी भाकरीचा तुकडा दातात धरायची, ते माझ्या दातातनं घ्यायचं. पदर ओढायचं, बोट चोखायचं, मागच्या पायावर उभं राहून म्होरचे दोन पाय माझ्या खांद्यावर ठिवायचं. लोक यायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. मी म्हनायची, बघा, माझं बाळ गळ्यात पडतंय. तीन म्हयन्याचं शिंगरू खांद्यावर पाय ठिवतं तव्हा त्याची गंमत वाटती. तीन वर्साचं ठिवतं तव्हा दवाखाना.

पयलं त्यानं सुनेच्या पाठीला धरलं. मंग गॅसवाल्याच्या दंडाला. तवापासनं तो सिलिंडर रस्त्यावरच उतरवायचा आन् तिथनं फोन करायचा, "मावशी, या घेऊन जा, मी काय आत येत नाय." मंग पान्याच्या प्लास्टिकच्या टाकीला आशी लाथ हानली का टाकी दोन ठिकानी फुटली आन् आमी आठ दिवस हंड्यानं पानी वाह्यलं. मंग एक लाथ माझ्या मांडीवर बसली. ती मी लपवली. लेकाला सांगितलं, मोरीत घसरले. सून शेकायला बसली आन् हळूच म्हनली, "आत्या, मोरीत घसरल्यावर मांडीवर खूर कसा उमटला वो?"

लेकाला कळलंच. तो ओरडत नाय, बापावानी हाय, हळू बोलतो आन् मंग ते बदलत नाय. म्हनला, "आई, तुळशीच्या लग्नापरेंत. तवर सुधरलं तर ठिव. नाय तर दुसऱ्या दिवशी व्यापारी टेम्पो आनंल. उद्या तुझ्या डोक्यात लाथ बसली तर मी काय करू?"

त्याचं काय चूक व्हतं? पन चावरं घोडं घेनारा व्यापारी त्याचं म्होरं काय करतो ते मालकांनी मला एकदा सांगितलं व्हतं. ते मी इथं सांगत नाय. एवढं हाय का मालकांचं आन् रानीचं मिळून माझ्याकडं तेवढंच राह्यलं व्हतं, आन् ते सगळ्यांना चावत व्हतं.

म्हनून मी कॅम्पात जाऊन मास्तरांना घेऊन आले.

मला वाटलं, आता हा मानूस चाबूक काढल, दोर काढल. मास्तरांनी घमेलं मागितलं. शिंगराच्या कुंपनात मधोमध ते पालथं घातलं, त्याच्याकडं पाठ करून बसले आन् मला म्हनले, "नुसतं काय बसायचं? काय काम आसंल ते दे." मी बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत व्हते, तोच ढीग दिला. तीन दिवस हा मानूस घोड्याकडं पाठ करून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसला. लेक म्हनला, "आई, तू घोड्याचा मास्तर आनलाय का भाजीवाला?"

शिंगरू यायचं, मानंवर फूफू करायचं, टोपी काढून टाकायचं. नाक लावलं तर मास्तर काय बोलायचे नाय. दात लावले का उठायचे. मारायचं नाय, ओरडायचं नाय, सरळ त्याच्या छातीवर चालत जायचे, ते चार पावलं मागं हटंपरेंत. हटलं का, "आभारी हाय जावईबापू," म्हनून परत घमेल्यावर.

मला म्हनले, "बाई, घोड्यांच्यात एकच भांडन आसतं. कोनी कोनाला सरकवलं? जो सरकला तो लहान. तू गेली तीन वर्स सरकतीयेस."

जुड्या मातूर त्यांनी आशा बांधल्या व्हत्या का मार्केटातला अडत्या म्हनला, "मावशी, ह्या काय घोड्यानं बांधल्या का?" मी म्हनलं, "जवळपास."

दुसरा त्यांचा हुकूम, हातानं काय खाऊ घालायचं नाय. गूळ नाय, भाकर नाय, गाजर नाय. जे काय द्यायचं ते घमेल्यात. "हातात खानं दिलं का हातच खानं होऊन बसतो," म्हनायचे. मला ते जड गेलं. दोन दिवस पाळलं, तिसऱ्या दिवशी कनवटीला गूळ लावून गेले. मास्तर लांब तंबाखू मळत बसलेले. शिंगरू आलं आन् सरळ माझी कंबर हुंगायला लागलं, हिकडून, तिकडून. मास्तर तिथनंच म्हनले, "बाई, झडती ते घेत्यात हां, मी नाय."

मी गूळ काढून मास्तरांना दिला. त्यांनी खाल्ला.

लेक एकदा सुट्टीच्या दिवशी मदतीला म्हनून कुंपनात गेला. शिंगरानं बाही धरली, लेकानं त्याच्या तोंडावर चापट मारली. शिंगरानं मान मागं घेतली आन् परत धरली. ह्यानं परत मारली. पाच-सहा वेळा झालं. लेक लाल झाला, शिंगरू मातूर मजेत. मास्तर उठले, लेकापाशी गेले आन् त्याचं नाक चिमटीत धरलं. माझ्या सुपरवायझर लेकाचं! लेकानं हात झटकला. मास्तरांनी परत धरलं. परत झटकला, परत धरलं. लेकाला हसूबी येतंय आन् हातबी उचललाय.

"आता तुला राग येतोय का खेळ वाटतोय रे?" मास्तरांनी इचारलं.

"दोन्ही!" लेक नाकातनं म्हनला.

"त्यांनाबी दोन्ही. म्हनून तोंडावर मारायचं नाय. तोंडावर मारलं का खेळ लागतो, आन् त्या खेळात हात आपला जातो."

मंग खरा विलाज काय, तर तो त्यांनी आमच्या दारातनं उचलला. सुनेनं नवीन पायपुसनं आनलं व्हतं, काथ्याचं, राठ, त्यावर 'सुस्वागतम्' लिवलेलं. मास्तरांनी ते कोपरापासनं दंडापरेंत गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आन् शिंगराशेजारी उभं राहून त्याच्या पाठीला खरारा करायला लागले. तोंडानं गानं. शिंगरानं चावायला मान फिरवली का कोपर तिथं तयारच. ते आपलं आपनच येऊन सुस्वागतमवर आपटायचं, तोंडात काथ्या भरायचा. मास्तर त्याच्याकडं बघायचेबी नाय, गानं चालू.

"मी कुठं मारतोय?" म्हनायचे. "ते येऊन धडकत्यात. माझ्यावर राग धरायला त्यांना जागाच नाय."

सून म्हनली, "मास्तर, मंग मी दारात काय घालू?"

"दारात कोन चावतंय?" मास्तर म्हनले.

आठ दिवसांत शिंगरू मान फिरवायचं, कोपराकडं बघायचं, आन् 'जाऊ द्या' म्हनून मान परत म्होरं. मला तर त्याच्या तोंडावर तो 'जाऊ द्या' दिसायचा.

लाथंचं काम मोठं. मास्तरांनी लांब बांबू घेतला, सुनेचा भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा घेतला, त्यात चिंध्या कोंबल्या आन् बांबूच्या टोकाला बांधला. लांबनं त्या हातानं शिंगराच्या मागच्या पायाला खाजवायचं. पयल्या दिवशी शिंगरानं आशी झाडली का तो हात बांबू सोडून उडाला, कुंपनावरनं गेला आन् शेजारनीच्या ओट्यावर वाळत घातलेल्या मुगात पडला. शेजारीन मूग हलवत व्हती. "अगं बया बया बया, हात आला, कोनाचा हात आला!" करत ती जी पळाली, ती वेशीपरेंत.

मास्तर स्वतः हात आनायला गेले. तिला म्हनले, "ए, माझा हाय तो. दे हिकडं."

ती आजून माझ्याशी त्या दिवसावरनं बोलती आन् हसती.

पयल्या दिवशी बारा लाथा. दुसऱ्या दिवशी पाच-सहा. मास्तर हात हलवत नव्हते का काढत नव्हते. लाथ मारली तरी हात तिथंच, पाय खाली ठिवला का हात लगेच बाजूला. "लाथ मारून काय मिळत नाय, पाय ठिवून मिळतं. एवढंच त्यांना कळू द्यायचं, आन् कळंपरेंत आपन म्हातारं व्हायचं." पाचव्या दिवशी शिंगरू त्या पिवळ्या हाताखाली एक खूर सैल सोडून पेंगायला लागलं.

कॅम्पात तोफांचा सराव सुरू व्हायचा. धडाम धडाम, भांडी हलायची आमची. तव्हा मास्तर काम थांबवून शिंगराच्या कानाशी सांगायचे, "भिऊ नका, आपलेच हायेत." दर तोफेला सांगायचे. सराव चार-चार तास चालायचा.

मंग पाठीवर रिकामं पोतं, मंग भुशाचं पोतं, मंग मास्तर स्वतः. कोजागिरी झाली तवर शिंगरू मास्तरांना चावत नव्हतं, लेकाला चावत नव्हतं, सुनेच्या हातानं पाय उचलून देत व्हतं. मला चावत व्हतं.

फक्त मला. मी दिसले का कान टवकारून यायचं आन् खांद्याला धरायचं.

मास्तर म्हनले, "बाई, माझं झालं. आता राह्यलं तुझं. ते तुला घोडी समजत्यात."

"घोडी?"

"घोडी. आन् लय पोचट घोडी. पयल्यांदा चावल्यावर रानीनं काय केलं आसतं? कान पाडले आसते, किंकाळी मारली आसती आन् मागचा पाय उचलला आसता. शिंगरू जे शिकतं ते तिथं शिकतं, दोन म्हयन्याचं आसताना. ह्यांना ते कोनी दिलंच नाय. तू दूध दिलंस, आईपन आर्धंच दिलंस. किंचाळ."

"कोन, मी?"

"मंग काय मी? मला बघून त्यांना आई आठवंल का?"

मी किंचाळायला तोंड उघडलं. काय आलं नाय.

कसं येनार? सासू व्हती तवर घरात बाईचा आवाज ओसरीपरेंत येता कामा नये. मालक आजारी पडले, मंग त्यांना तरास नको म्हनून हळू बोलायचं. ते गेले तव्हा बाया म्हनल्या हंबरडा फोड, तव्हाबी नाय आला, मी गुपचूप बसून व्हते, दोन-तीन जनी मला नावं ठिवून गेल्या. तो आवाजच नव्हता माझ्यात. आन् हा म्हातारा म्हनतोय घोडीसारखी किंचाळ.

रोज विहिरीमागं सराव. पयल्या दिवशी जे निघालं ते ऐकून मास्तर म्हनले, "हे कोंबड्यांनी ऐकलं. घोड्याला कळलं नाय." मंग त्यांनी स्वतः करून दाखवलं. दोन्ही हात कमरंवर, मिशा वर, मान ताठ, आन् आशी किंकाळी का आमचं कुत्रं खाटंखाली गेलं आन् लांब कुठंतरी एका खऱ्या घोडीनं उत्तर दिलं. मास्तर लाजले. "वळखीची नाय," म्हनले.

मी हसून हसून खाली बसले. पन आवाज काय आला नाय. तुळशीच्या लग्नाला बारा दिवस राह्यले, मंग दहा, मंग आठ.

आठ राह्यले त्या दिवशी सकाळी मी घमेल्यात कोंडा टाकत व्हते. मास्तर भाईर दात घासत व्हते. मागनं शिंगरू आलं आन् त्यानं माझा खांदा धरला. आधी धरायचं तसं नाय. पुरा. हाडापरेंत.

आन् ते निघालं.

मला सांगता येत नाय कसं. पोटातनं आलं, का पायातनं, का मालकांच्या वैशाखातनं, कोनाला ठावं. माझे कान बसले माझ्याच आवाजानं. त्याच झपाट्यात, नऊवारीत सत्तरीची बाई टाच मागं झाडंल तशी मी झाडली. बसली त्याच्या छातीला. त्याला काय लागनार? मीच कोंड्याच्या घमेल्यात जाऊन बसले.

पन शिंगरू चार पावलं मागं. आपलं आपन. मंग मान खाली घातली, कान बाजूला पाडले आन् तोंड उघड-मीट, उघड-मीट करायला लागलं, चप चप चप. तीन वर्साचं धिप्पाड घोडं आन् तान्ह्यावानी चप चप. मोठ्या घोडीपुढं लहान शिंगरू करतं तसं, 'मारू नको, मी लहान हाय' म्हनून. जलमल्यापासनं त्यानं ते कधी केलं नव्हतं. ज्याच्यापुढं करावं आसं कोनी नव्हतं.

मास्तर तोंडात दातवनाचा फेस तसाच घेऊन कुंपनाशी उभे. बोलता येईना, नुसती मान हलवत व्हते.

तवर सगळी वस्ती गोळा. शेजारीन लाटनं घेऊन. गॅसवाला, जो रस्त्याच्या आत कधी येत नाय, तो पाना घेऊन आत आला. पळायला निघालेले दोन फौजी जवान बांधावरनं उड्या मारून आले. "क्या हुआ माताजी? कौन था?" लेक आर्धी दाढी केलेला.

"कोन मेलं?" शेजारनीनं इचारलं.

मास्तरांनी फेस थुंकला. "कोनी नाय. बाईला आवाज फुटला."

मी घमेल्यात बसून व्हते, तोंडावर कोंडा. सून खाली बसून इचारायला लागली, "आत्या, रडताय का हसताय?" मी म्हनलं, "मला काय ठावं? तूच बघून सांग." जवानांना चहा पाजला. शिंगरू लांबनं माझ्याकडं बघत व्हतं, आन् मी उठले तसं आजून एक पाऊल मागं सरलं. माझा खांदा पंधरा दिवस निळा व्हता. तेवढं चालायचं.

लेक म्हनला, "घरात शहानं झालं, मान्य. पन हे वरातीचं घोडं हाय. वरातीत लाथ मारली तर लोकाचं पोर जाईल. तिथं टिकलं तर ठिवू. नाय तर टेम्पो सांगितलाय तो सांगितलाय." बरोबर व्हतं.

तुळशीच्या लग्नाच्याच दिवशी, नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका कार्यालयात पयली वरात मिळाली, गोरज मुहूर्ताची. नवरदेव हलकाफुलका बघून घेतला. मी लगाम धरनार, लेक बाजूनं. मास्तरांना म्हनलं चला, तर म्हनले, "मी कशाला? परीक्षेला मास्तर बसतो का?" आन् तंबाखू मळत राह्यले.

द्वारकेला टेम्पोतनं घोडं उतरवलं. आता द्वारका म्हंजे काय सांगू. बशी, ट्रका, रिक्षा, वर पूल, खाली आमची वरात, आन् त्यात नाशिक ढोल. ढोलाला शिंगरानं कानबी हलवला नाय. तोफा ऐकलेलं घोडं ते. नवरदेवाला घेऊन आसं चाललं जसं लहानपनापासनं हेच करतंय. लेक माझ्याकडं बघून हसला. मी नाय हसले. लगाम धरलेल्याला जे कळतं ते बाजूनं चालनाऱ्याला कळत नाय.

कार्यालय पन्नास पावलांवर राह्यलं आन् नवरदेवाचा कोनी एक मैतर, रंगात आलेला, मागनं आला. हातात भोंगा. घोड्याच्या मागं तो भोंगा वाजवला आन् पुठ्ठ्यावर फाडकन थाप मारली, "चल मेरे शेर!"

लगामातनं मला कळलं. अंग आवळलं त्यानं. कान मागं गेले. मी वळून बघितलं, मागचा डावा पाय उचललेला, वर, गोळा केलेला. आन् मागं घागऱ्यातल्या चार-पाच बारक्या पोरी फुगडी घालत व्हत्या.

पोरींच्या आन् त्या खुराच्या मधी मास्तर व्हते.

धुतलेला शर्ट, डोक्याला वऱ्हाड्यांचा गुलाबी फेटा. सगळ्या दुनियेला सांगनार, घोड्याच्या मागं उभं राहू नका, आन् स्वतः बरोब्बर तिथं, लाथ जिथं पुरी बसती तेवढ्या अंतरावर. तळहात घोड्याच्या पुठ्ठ्यावर ठिवलेला. ओरडले नाय. ढोलात मला ऐकूबी आलं नसतं, पन मी ओठ वाचले.

"अहो. लोकं बघत्यात. पाय खाली घ्या."

पाय वर. ढोल चालू. मी जागीच थांबले. लेकानं बघितलं, तोबी थांबला, नवरदेवाला काय म्हनून काय कळलं नाय, तो हात हलवत व्हता.

मंग शिंगरानं पाय खाली ठिवला. आपटला नाय. बशीत कप ठिवावा तसा ठिवला, आन् चालायला लागलं.

नवरदेव उतरल्यावर मी मास्तरांना गाठलं. "कवापासनं चालताय मागं?"

"टेम्पोतनं उतरले ते, तवापासनं."

"आन् बसली आसती लाथ म्हंजे?"

मास्तर चिडले. माझ्यावर पयल्यांदा चिडले. "मंग? शिकवन्यात चूक झाली आसंल तर ती माझी. माझ्या चुकीची लाथ त्या पोरींनी का खायाची?"

लेक तिथंच उभा व्हता. त्यानं मास्तरांचा फेटा सरळ केला आन् जेवायला बसवलं, पंगतीत, पयल्या पाटावर. मास्तर त्याला म्हनले, "ए, जिलबी वाढायला सांग रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कळवणच्या गाडीत बसले. तिकडं कोनाच्या तरी मळ्यात एक जावईबापू बापाच्या वरचढ निघालेत म्हनले. जाताना घोड्याला नमस्कार केला, आमाला नाय. त्यानंतर ते मला दिसले नाय. कुठं हायेत, हायेत का, ठावं नाय.

गाडी गेली आन् घटकाभरानं व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मी आत भाकरी थापत व्हते, लेक भाईर गेला. तव्हाबी मला ठावं नव्हतं तो काय बोलनार. सांगितलं ना, बापावानी हाय, हळू बोलतो. मी थापता थापता हात थांबवला.

"चहा घ्या," लेक म्हनला. "घोडं इकायचं नाय."

व्यापारी म्हनला, "आवो पन चावतं ना ते?"

"चावायचं," लेक म्हनला. "आता आईला भितं."